दहा ते पाच प्रदर्शनातलं घर

नोकरीच्या ठिकाणचे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. गवतातून चालताना सलवारीला कुसळं लागतात ना, तसं आहे ते. चालताना कळत नाही. घरी येऊन बसलं की एकेक उपटत बसावं लागतं.

बारवी धरणाच्या रस्त्यावर, बदलापूरपासून एसटीने अर्ध्या तासावर, नव्वद सालाच्या आसपास एक सरकारी निसर्ग उद्यान होतं. मी तिथे शिक्षण सहाय्यक होते. वय तेवीस. दहाव्या वर्षापासून मी दूर उत्तरेत, डोंगरातल्या वसतिगृहाच्या शाळेत शिकले. पुढे कॉलेजही तिकडेच. त्या शाळेत दर शनिवारी आम्हाला एकेका देवदाराखाली तासभर गप्प बसवत. बदलापूर गावात परत आले ती एक दुर्बीण, पाच वह्या आणि भरपूर मतं घेऊन.

मला वाटलं होतं, उद्यानात पायवाटा असतील, शांतता असेल, मुलं पानं हातात घेऊन बघत असतील आणि इथल्या जुन्या माणसांच्या तोंडून इथला इतिहास ऐकत असतील. प्रत्यक्षात फाटकातून आत शिरल्यावर पहिल्यांदा भेटला सिमेंटचा वाघ. त्याच्या अंगातून पिण्याच्या पाण्याचा नळ काढलेला होता. नळ नेमका कुठे होता ते लिहीत नाही. मुलांची रांग मात्र सतत लागलेली असे.

हे किस्से सांगितले की मैत्रिणी हसतात. मीही हसते. पण या सगळ्यांच्या मधोमध हिरूबाईचं घर आहे, आणि ते घर माझ्या एका वाक्यापायी जायला निघालं होतं. ते शेवटी सांगते, कारण आधी ही माणसं माहीत हवीत.

*

पहिल्याच दिवशी सावंत साहेबांनी मला उद्यान दाखवलं. साहेब म्हणजे उद्यानाचे प्रमुख. पेन्शनला दोन वर्षं उरलेली, बोलणं हळू, चालणं त्याहून हळू.

मधल्या चौकात एक गोल पार होता. त्यावर संगमरवरी पाटी: 'बकुळ. अमुक अमुक यांच्या शुभहस्ते'. पारात वाढत होतं सुरूचं झाड. त्याला पाणी घालत होता लहानू, आमचा माळी, हिरूबाईचा नवरा.

मी म्हटलं, "लहानूकाका, हे सुरू आहे."

"हो."

"पाटीवर बकुळ आहे."

"ह्यो चौथा बकुळ हाय," लहानू म्हणाला. "आधी खरा होता, तो उन्हाळ्यात गेला. मंग गुलमोहर लावला, तो गुरांनी खाल्ला. मंग कडुनिंब. आता ह्यो. ह्यो टिकंल असं वाटतंय."

मी हादरलेच. साहेबांकडे वळून म्हटलं, "सर, निदान पाटी तरी बदला."

साहेबांनी चष्मा पुसला. "मॅडम, पाटीवर पाहुण्यांचं नाव आहे. आणि एक लक्षात ठेवा. झाड मेलं तर चौकशी होते. झाड बदललं तर होत नाही."

*

दुसरा धक्का लखीशेठचा. लखीशेठ उल्हासनगरचे, सिंधी, पाट्या रंगवायचा कारखाना. सगळ्या पाट्या त्यांच्याकडूनच येत. देखण्या असत, हे कबूल करायला हवं. हिरव्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक पान.

झाडांच्या नावांच्या चाळीस पाट्यांची ऑर्डर होती. मी यादी केली होती, नकाशा काढला होता, झाडांना खडूने नंबर टाकले होते. मी सुट्टीवर असताना लखीशेठची माणसं टेम्पो घेऊन आली. टेम्पो फाटकापासून जेमतेम शंभर पावलं आत जाऊ शकला. तेवढ्यातच त्यांनी चाळीसही पाट्या लावून टाकल्या. एका सागावर तीन होत्या. पळस, अंजन आणि करवंद.

मी उल्हासनगरला त्यांच्या कारखान्यावरच गेले. लखीशेठनी मला खुर्ची दिली, थंड मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, बोर्ड में एक भी मिस्टेक बताओ. पेंट बघा, अक्षर बघा. मी खुद चेक केलंय."

"पाट्यांमध्ये चूक नाहीये, शेठ. त्या चुकीच्या झाडांवर आहेत."

"म्हणजे बोर्ड बरोबर आहे," लखीशेठ म्हणाले. "झाड गलत जागेवर उगवलंय. उसमें मैं क्या करूं?"

*

अंबरनाथच्या एका शाळेची सहल आली होती. सातवीचा वर्ग, साठ मुलं. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याची माहिती देणारी एक मोठी पाटी आम्ही ओढ्याकाठी लावली होती. शुभ्र नर, हातभर लांब शेपटी, वगैरे. बरोबरच्या बाईंनी मुलांना पाटीसमोर बसवलं आणि सगळं वह्यांमध्ये उतरवून घ्यायला सांगितलं.

मुलं लिहीत असताना त्यांच्या पाठीमागे, ओढ्यावरच्या फांदीवर, खुद्द स्वर्गीय नर्तक येऊन बसला. मी त्या ओढ्याकाठी चार महिने त्याची वाट पाहत होते. मी बाईंच्या कानात म्हटलं, "मुलांना मागे वळून बघायला सांगा ना."

"दोन मिनिटं हं, मॅडम. शेवटचा परिच्छेद राहिलाय. नाहीतर वह्या अपुऱ्या राहतात."

पक्षी पाण्यात एकदा बुडी मारून आला. शेपटी झटकली. साठ माना वह्यांत. शेवटच्या रांगेतली एक मुलगी तेवढी मागे बघत होती. तिला बाईंनी उभं केलं.

"काय चाललंय? लिही."

मुलीने पुढे बघितलं, पेन्सिल उचलली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "बाई, तो आत्ता उडाला. ते पण लिहायचं का?"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हाही धक्काच होता, फक्त तो मला बसला.

एका पुस्तकात मी शेवळाबद्दल वाचलं होतं. वर्षभर जमिनीत दडलेला कंद आणि पाऊस जवळ आला की वर येणारा जांभळट कोंब. ही वनस्पती कमी होत चालली आहे, असं त्या पुस्तकात होतं. जूनमध्ये आमच्या टेकडीच्या पायथ्याशी मला आठ कोंब दिसले. मी भारावून गेले. बांबूच्या काठ्या रोवल्या, सुतळी बांधली, पुठ्ठ्यावर 'हात लावू नये' असं लिहिलं आणि घरी जाऊन त्यावर चार पानं लिहिली.

दोन दिवसांनी हिरूबाईने दुपारी मला हाक मारली. हिरूबाई आमच्याकडे झाडलोट करायची. पन्नाशीची, काटक, मला कधी तुमी म्हणायची, कधी तू. तिने भाकरीबरोबर एक भाजी वाढली. सुकट घातलेली, किंचित आंबट. मी दोनदा मागून घेतली.

"कसली आहे गं?"

"शेवळाची."

घास हातातच राहिला. "कुठून आणलीस?"

"टेकडीखालून. दरसाल शोधत फिरावं लागतं, गवतात दिसत नाय." आणि तिने अगदी मनापासून सांगितलं, "औंदा तुमी कुंपण घातलंत, लय सोपं झालं."

घरी आल्यावर हे आईला सांगितलं. मला वाटलं, ती तरी हळहळेल. आई म्हणाली, "आंबट काकडं घातली होती ना तिने भाजीत? नाहीतर घशाला खाज सुटते." आमच्याच गावच्या बाजारात जूनमध्ये शेवळाच्या जुड्या लावून बायका बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. जूनमध्ये मी कधी घरी नसायचेच. माझी शाळा तेव्हा सुरू झालेली असायची.

*

उद्यानाच्या एका खोलीत 'स्थानिक इतिहास दालन' होतं. इरलं, सूप, भात कांडायचं मुसळ, मासे धरायची बांबूची मळई. मधोमध काचेच्या पेटीत पाटा-वरवंटा. खाली चिठ्ठी: 'अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीचा'.

त्या पेटीला लसणाचा वास यायचा. मला वाटायचं, भास होतोय. एक दिवस लवकर पोहोचले, तर पेटी रिकामी. मी घाबरून साहेबांच्या घरी धावणार, एवढ्यात हिरूबाई ओला पाटा कडेवर घेऊन आली, पदराने पुसला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

"हिरूबाई, हा दोनशे वर्षांचा आहे."

"दोनशे कुठला? माझ्या लग्नात आईनं दिला. घर बघितलं तेव्हा साहेब बोलले, छान हाय, ठेव पेटीत. मी बोलले, ठेवते, पण चटणी कशावर वाटू?"

तिने 'घर' म्हटलं आणि मी विचारलं, कुठलं घर. तिने हाताने मागे दाखवलं. मागे आमची प्रदर्शनातली झोपडी होती.

*

'पारंपरिक आदिवासी घर' ही आमच्या उद्यानातली सगळ्यात लोकप्रिय गोष्ट. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, गवताचं छप्पर, आत चूल, कोनाड्यात दिवा. हे घर तिथे आलं कसं, ते साहेबांनी मला दार लावून घेऊन सांगितलं.

पहिलं घर बाहेरच्या कारागिरांनी बांधलं होतं आणि त्याला कुलूप घातलं होतं. दोन पावसाळ्यांत छपराला वाळवी लागली, भिंती बसल्या. मग लहानू-हिरूबाईला बोलावलं. ती दोघं तेव्हा वांगणीच्या बाजूला वीटभट्टीवर होती. त्यांचा मूळ पाडा धरणाच्या पाण्याखाली गेलेला. दोघांनी घर बांधलं, आणि किल्ली देताना हिरूबाई साहेबांना म्हणाली, "आत चूल पेटली नाय तं ह्ये बी पडंल. छपराला धूर लागतो. जमिनीला रोजचा हात लागतो."

साहेबांनी विचार केला आणि कागदावर काहीही न लिहिता एक व्यवस्था लावली. संध्याकाळी पाच ते सकाळी दहा हिरूबाई आणि लहानू तिथे राहणार. दहाला अंथरूण गाठोड्यात, गाठोडं हत्यारांच्या खोलीत. हिरूबाई झाडू घेणार, लहानू झारी घेणार, आणि घराचं प्रदर्शन होणार. पाचला परत घर. अशी चार वर्षं झाली होती आणि घर ताठ उभं होतं.

मी हे ऐकून दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी अंबरनाथच्या एका कारखान्यातले अधिकारी सहकुटुंब आले. साहेब स्वतः घर दाखवत होते. अधिकारी मुलांना म्हणाले, "बघा, अशी राहायची बरं का ही माणसं. आता कुणी राहिलं नाही त्यांच्यातलं."

"जरा पाय उचला, खालचं झाडते," हिरूबाई म्हणाली. त्यांनी पाय उचलले.

त्यांच्या पत्नीने वाकून चुलीच्या राखेवर हात धरला आणि दचकून मागे घेतला. "अहो, ही गरम आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "इफेक्ट आहे, मॅडम," ते म्हणाले.

*

आता माझं वाक्य.

वर्षाच्या शेवटी मला अहवाल लिहायचा होता. मी पंधरा पानं लिहिली. पाट्या, पार, वाघाचा नळ, सगळ्यांवर कडक टीका केली. फक्त एका गोष्टीचं कौतुक केलं. मला अजून ते वाक्य तोंडपाठ आहे: 'या उद्यानात खऱ्या अर्थाने जिवंत अशी एकच गोष्ट आहे, पारंपरिक घर, कारण तिथे हिरूबाई आणि लहानू खरोखर राहतात.'

टाइप करून घेतला आणि वरच्या ऑफिसला पाठवला. साहेबांना दाखवलासुद्धा नाही. मला वाटलं, वरची माणसं वाचतील, त्यांचे डोळे उघडतील, कदाचित हिरूबाईला बोलावून तिचा सत्कारही करतील. खरंच असं वाटलं होतं.

महिनाभराने, एका सोमवारी दुपारी, उत्तर आलं. वाघाबद्दल काही नव्हतं, पाराबद्दल नव्हतं, पाट्यांबद्दल नव्हतं. एक परिच्छेद होता. शासकीय प्रदर्शनात अनधिकृत वास्तव्य आढळून आले आहे. मंगळवारी सकाळी दहा वाजता सदर झोपडी रिकामी करून कुलूप लावावे व तसे कळवावे. वर लिहिलं होतं, संदर्भ: शिक्षण सहाय्यक यांचा अहवाल.

साहेबांनी कागद माझ्यासमोर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सर, मी कौतुक केलं होतं."

"वाचलं मी," साहेब म्हणाले. "चार वर्षं मी कुणाजवळ कौतुक केलं नाही, मॅडम. म्हणून चार वर्षं झाली."

*

पाच वाजता मी घराकडे गेले. लहानू उंबऱ्यावर खोकत बसला होता. भट्टीवर असताना लागलेला खोकला. हिरूबाई कोनाड्यातल्या वस्तू काढत होती. तिला आधीच कळलं होतं.

"मी चांगलं लिहिलं होतं गं, हिरूबाई."

"वाचून दाखव."

मी पाठ म्हणून दाखवलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवून ऐकलं.

"खरं तं लिवलंय," ती म्हणाली. "मंग चुकलं काय?"

मी उंबऱ्यावर लहानूच्या बाजूला बसले.

"तुम्ही कुठे जाल?"

"भट्टीवर. तिकडं झोपडी देतात." तिने लहानूकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. "ह्याची छाती किती दिवस पुरंल, ते बघायचं."

"आणि हे घर?"

"कुलूप लागलं की वाळवी येती. दोन पावसाळं काढंल." हिरूबाईने परत भांडं उचललं. "मंग आमालाच बोलवतील बांधायला. येऊ. आमाला येतं ना बांधायला."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. नुसतं सांगितलं. मी शेवटच्या एसटीने घरी गेले.

मंगळवारी सकाळी नऊला मी उद्यानात होते. हिरूबाई आणि लहानू घराबाहेर गाठोड्यावर बसली होती. चुलीवर पाणी ओतलेलं होतं, त्याचा वास बाहेर येत होता. साहेब ऑफिसात होते, टेबलावर नवं कोरं कुलूप. मी त्यांना नमस्कार केला आणि पिशवीतून कार्यक्रमांची वही काढली.

ही वही एकटी मीच भरत असे. तिच्या पहिल्या पानावर नियम छापलेले होते आणि वर्षभरात ते मी एकदाही वाचले नव्हते. आदल्या दिवशी घरी नेऊन वाचले. चौथा नियम असा: शैक्षणिक प्रात्यक्षिक चालू असताना दालन बंद करू नये.

मी उभ्या उभ्या लिहिलं. 'प्रात्यक्षिक: चूल, सारवण व छपराची निगा. वेळ: रोज संध्याकाळी पाच ते सकाळी दहा. सादर करणार: हिरूबाई व लहानू. मुदत: घर उभे असेपर्यंत.' खाली सही केली आणि वही साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"उपस्थिती रिकामी आहे. प्रेक्षकाशिवाय प्रात्यक्षिक धरत नाहीत. सहावा नियम."

सहावा नियम मी वाचला होता. वही परत घेतली आणि रकान्यात 'एक' लिहिलं. पुढे माझं नाव लिहिलं.

"रोज?" साहेब म्हणाले.

"रोज."

"संध्याकाळी पाच ते सकाळी दहा."

"हो, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "आईला विचारलंत?"

"नाही."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, कुलूप आत टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. बाहेर येऊन मी हिरूबाईला सगळं समजावून सांगितलं. नियम चार, नियम सहा, रकाना, मी. सांगून झालं तेव्हा तिने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली, अर्ध्यावर थांबली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्याडम," ती म्हणाली, "घोरता का?"